वाफवलेली माती

प्रिय खुसपटबाई,

तू निवृत्त झालीस तेव्हा प्रयोगशाळेतल्या निम्म्या लोकांनी हुश्श केलं, आणि त्यात मीही होते, हे तुला ठाऊक आहेच. आता मीटिंग चहा गार व्हायच्या आत संपते. मी बोलते, बाकीचे माना डोलावतात. तुझ्यासारखं चष्मा कपाळावर चढवून ‘हे कशावरून?’ म्हणून विचारणारं कुणी नाही. सुरुवातीला फार बरं वाटलं गं.

तुझी गुलाबं कशी आहेत? इथली बातमी अशी, की काचघरातला कुंड्यांचा प्रयोग यंदा नव्या मुलीकडे दिला. तीच ती, हळू बोलणारी, तुझ्या खुर्चीत बसायला लाजणारी. प्रत्येक कुंडीत एक दांडगं गवत आणि भोवती नाजूक फुलझाडं. पद्धत तुझीच. माती वाफवून तिच्यातले सगळे सूक्ष्मजीव मारायचे, मग निम्म्या कुंड्यांत कुरणातली जिवंत माती चमचा-चमचा परत मिसळायची आणि कोण कुणाला जगू देतं ते बघायचं. लागवडीच्या दिवशी तिने विचारलं, ती चमचाभर माती घालायची राहिली का? मी फोनवर होते. झालंय ते, लावा रोपं, म्हणून मोकळी झाले. तिला खात्री नव्हती, पण मी म्हटलं म्हणजे झालं असणार. तिने लावली.

गवत सगळ्याच कुंड्यांत माजलं. फुलझाडं त्याच्याखाली पिवळी पडून गेली. मग फ्रिज पुसताना मागे डबा सापडला, कुरणातल्या मातीने गच्च भरलेला. तुला काय सांगायचं, जिवंत मातीत त्या गवताच्या मुळांशी त्यालाच छळणारी बुरशी साठत जाते आणि त्याला हातपाय पसरू देत नाही. उरलेल्या जागेत बाकीचे जगतात. आमच्या स्वच्छ मातीत त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

सगळ्यांना बोलावून चूक माझी आहे म्हणून सांगितलं. तर यांनी त्यालाही माना डोलावल्या! हसू आलं, आणि मग खरंच धसका बसला. त्या मुलीने तर नोकरी सोडायचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवलाय. तिच्या डोक्यात मातीबद्दल एक वेगळीच कल्पना आहे म्हणे. मला ती शिपायाकडून कळली. माझ्यासमोर तिचं तोंडच उघडत नाही.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यापासून विभागप्रमुखाची खुर्ची मला देताहेत. माझा स्वभाव तू ओळखतेस, एकदा घोडं दामटलं की मागे वळून बघत नाही. तू होतीस म्हणून इतकी वर्षं माझ्या शेजारी बाकीच्यांना वाढता आलं, हे मला आत्ता कळतंय. संचालकांना सांगितलंय, आठवड्यातून दोन दिवस तू येणार असशील तरच मी त्या खुर्चीत बसेन. त्या मुलीलाही, या पत्राला तुझं उत्तर येईपर्यंत थांब म्हटलंय. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, लिफ्ट दुरुस्त झालीय. मला तुझी फार आठवण येते. ये. फक्त उलट टपाली हो म्हणू नकोस. हो म्हणणारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत.

भांडायला आतुर,
तुझीच
दांडगोबा