बावीसला बरोबरी

मंगळ, ४ मार्च
कसिनोत मी पत्ते वाटते त्या टेबलचा नियम आजपासून बदलला. कालपर्यंत डीलरच्या, म्हणजे माझ्या, पानांची बेरीज एकवीसच्या वर गेली की डीलर फुटला, टिकून बसलेले सगळे जिंकले. ब्लॅकजॅक म्हणजे तेच तर आहे! आजपासून डीलर बरोब्बर बावीसवर गेला तर तो फुटला नाही म्हणायचं. बरोबरी. ज्याने त्याने डावावर लावलेले आपापले चिप्स परत घ्यायचे आणि गप्प बसायचं. वर नाव काय, तर 'फ्रेंडली' ब्लॅकजॅक. फ्रेंडली म्हणे! नियमाची साइन, पाटी कसली, माझ्या तळहाताएवढी, तीही लोक ग्लास ठेवतात त्या कोपऱ्यात.

डॅरेल, आमचा फ्लोअर सुपरवायझर, शिफ्टच्या आधी म्हणाला, कोणी विचारलं तर साइनकडे हात करायचा, समजावत बसायचं नाही. पलीकडच्या टेबलांवर जुनाच नियम आहे, तेही आपणहून सांगायचं नाही. मग आम्हाला तोंड कशाला दिलंय?

गुरु, ६ मार्च
व्हायचं तेच झालं. माझे बावीस झाले, टेबलवरचे सगळे हात वर करून ओरडले, आणि मी म्हटलं, "पुश." बरोबरी. टोपीवाला ट्रक ड्रायव्हर उठून उभाच राहिला. "सिन्स व्हेन?" साइन दाखवली. त्याने ग्लास बाजूला केला, वाचलं, आणि चोर कोणाला म्हणाला? मला. नियम काय मी बनवला? डॅरेल तिथेच उभा, हाताची घडी घालून. बघतोय मेला.

परत येताना ओक्लाहोमाची हद्द संपेपर्यंत काचा बंद करून शिव्या घातल्या. अस्सल नागपुरी. घर, फ्रिस्को आलं तरी संपल्या नव्हत्या.

शनि, ८ मार्च
मेश्राम काका आले. नागपूरला वीज मंडळात होते, आता अर्विंगला मुलाकडे राहतात. शनिवारी आणि गुरुवारी सिनियर लोकांची बस येते तिच्यातून येतात, सगळ्या आज्यांना आधी उतरू देतात, मग स्वतः. सगळ्यात छोटा डाव लावतात आणि दुपारभर बसतात. मुलाला माहीत नाही. त्याने मागे एकदा, पुन्हा खेळायचं नाही, अशी शपथ घातली होती, तेव्हापासून घरी सांगतात की लायब्ररीत जातो.

आज डाव अर्धा झालेला. काकांचे बारा, माझं सहा उघडं, दुसरं पान झाकलेलं. काका साइन वाचून म्हणतात, "काऊन गं वैशाली, हे बावीसचं काय नवीन काढलं?"

मी बोलून गेले. "काका, आता बावीसला बरोबरी आहे. इथे नका बसू, पलीकडे जुनाच नियम आहे."

टेबलवर फक्त इंग्लिश बोलायचं असतं, माहीत आहे. पण काका मराठीत विचारतायत आणि मी त्यांच्याशी इंग्लिश झाडू? तोंडात येतच नाही ते. काकांनी हात हलवून पान नको म्हटलं, मी पंचवीसवर फुटले, ते जिंकले. "जय भीम, पोरी," म्हणून चिप्स उचलले आणि पलीकडे जाऊन बसले. बास. एवढंच झालं.

सोम, १० मार्च
ऑफिसात बोलावलं. व्हिडिओ दाखवला. कॅमेऱ्याला आवाज नाही. चित्र काय दिसतं, तर म्हातारा काहीतरी विचारतो, मी काहीतरी सांगते, तो पान घेत नाही, जिंकतो आणि उठून जातो. डॅरेल म्हणतो, झाकलेलं पान सांगितलंस.

अरे, ते झाकलेलं पान मला स्वतःला दिसत नाही! सांगणार काय, माझं कपाळ?

म्हटलं, नियम सांगितला. तर म्हणतो, म्हणजे गिऱ्हाईक आमच्या टेबलवरून उठवलंस? खरं बोललं तरी मेलेच. नुसता नियम सांगितला असेल तर लेखी वॉर्निंग. पान सांगितलं असेल तर ती चोरी, बॅज कायमचा जाणार, कुठल्याच कसिनोत कोणी उभं करणार नाही. तूर्त बॅज काढून घेतला. २० तारखेला सुनावणी. तोपर्यंत त्या प्लेअरने येऊन सांगितलं की मी काय बोलले, तर बघू म्हणाले. चोरी नियम बदलणाऱ्यांनी करायची आणि चोर मी!

माझी लेक रिया जेवताना म्हणाली, "वेट, दे चेंज्ड द रूल, अँड यू आर इन ट्रबल फॉर टेलिंग?" पोरीला कळतं. त्या अख्ख्या ऑफिसला कळत नाही.

मंगळ, ११ मार्च
काकांना फोन. सगळं सांगितलं.  काका एकदम हळू, "सूनबाई इथंच आहे गं. मग बोलतो."

मग बोललेच नाहीत. संध्याकाळी मीच पुन्हा केला. म्हणाले, "कळलं तर पोरगा नातवाला माझ्याजवळ ठेवणार नाही, वैशाली. तसंच म्हणाला होता तो." मला कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, काका, मी तुमच्यासाठीच तोंड उघडलं ना? तर म्हणे, "हो ना." आणि फोन ठेवला. हो ना! याचं मी काय करू?

माझा नवरा मिलिंद म्हणतो, "जाऊ दे ना यार ती नोकरी. तसंही लोकांना काय सांगायचं हा प्रॉब्लेम होताच." म्हणजे याला बरंच वाटतंय. भांडे आपटले. एकाचा कान तुटला.

रवि, १६ मार्च
अर्विंगला भीमजयंतीच्या तयारीची मीटिंग. काका आलेले, मुलगा-सून बरोबर. माझ्याकडे बघेनात. जेवताना काकांच्या मुलाने सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठे असता जॉबला?" मिलिंदने नेहमीप्रमाणे मधे तोंड घातलं, "हॉस्पिटॅलिटीत."

माझं डोकंच सरकलं. म्हटलं, "कसिनोत पत्ते वाटते. ब्लॅकजॅक. सध्या घरी बसवलंय, चोरीचा आळ आहे."

 मिलिंद कानापर्यंत लाल. मुलगा हसून काकांकडे वळला, "बाबा, तुम्हाला माहीत होतं, वहिनी कसिनोत आहेत ते?"

काकांनी वरणात भात कालवला. परत कालवला. म्हणाले, "नाही बा."

मी काकांचं नाव घेऊ शकले असते. तोंडाशी आलं होतं. नातू त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातला पापड खात होता. नाही घेतलं. आता स्वतःचाच राग येतोय, की नाही, तेही कळत नाही.  

बुध, १९ मार्च
काकांना मेसेज टाकला: उद्या अकरा वाजता, मेन ऑफिस. एवढंच. विनवणी केली नाही. करणार नाही. दोन निळ्या टिक्स आल्या, म्हणजे वाचला, उत्तर नाही.

गुरु, २० मार्च
पार्किंगमध्ये बसून लिहितेय. मिलिंद स्वतःहून बरोबर आला, सुट्टी टाकून.  समोरून डॅरेल गेला, मला हात केला. हात करतोय!

आत्ता बस आली. आज्या उतरतायत, एकमेकींना धरून. मी बघणारच नव्हते, पण बघतेय.

सगळ्यात शेवटी काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जयंतीला घालतात तो. डावीकडचं दार ऑफिसचं, उजवीकडचं खेळाचं. मधेच थांबलेत. चष्मा काढून पुसतायत. मिलिंद म्हणतो, जा ना, हाक मार त्यांना.

नाही मारणार. सांगायचं ते मी त्या दिवशी सांगितलं, त्याचंच भोगतेय. आज त्यांनी बोलावं.

अजून पुसतायत.