ठमी हाकेला आली

तीर्थरूप आईच्या चरणी, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला वेगळा, नमस्कार.

तुझ्या गुडघ्यामुळे तुझी ही कुत्री ठमी माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मी कुरकुरलो होतो. ते शब्द मागे घेतो.

इथे कुत्र्यांना मोकळं सोडायचं एक मैदान आहे. रविवारी धीर करून तिचा पट्टा सोडला आणि बाईसाहेब झाडीत गडप झाल्या. कुंपणाला तिकडे भगदाड आहे, हे मला तेव्हा कळलं. संस्कृतातल्या ‘आगच्छ’पासून ‘ये गं बाई’पर्यंत सगळं करून पाहिलं. तुला काय तोंड दाखवू, या विचाराने घाम फुटला.

शेवटी तू आम्हा भावंडांना बाजारात द्यायचीस तीच धमकी दिली, “बस इथेच. मी चालले.” आणि पाठ फिरवली. फाटकाशी पोचेपर्यंत ठमी पायांत घुटमळत होती.

एरवी माझ्याशी न बोलणारे मैदानातले सगळे जवळ आले. आता त्यांतला मिशाळ न्हावीसुद्धा आपल्या कुत्र्याला “मी चालले” म्हणतो. मग आम्ही मिळून चहा घेतो, तेव्हा मी एकटा पडलोय ही काळजी सोड.

तू रोज चालतेस ना? धाकटी लिहिते, काठी तू फक्त तिला रागावताना उचलतेस.

मैदानात कुणी ती धमकी दिली की ठमीच्या आधी मीच वळून बघतो.

तुझा, अजून हाकेसरशी येणारा,
थोरला