आमचा क्वार्टरबॅक गेला

शनिवार संध्याकाळ, ब्रॅकनेल, इंग्लंड

अमेरिकेत जिथे शिकलो, त्या कॉलेजची आज अमेरिकन फुटबॉलची मॅच. दोन वर्षं टीव्हीसमोर ज्याच्यासाठी ओरडलो तो क्वार्टरबॅक, टीमचा मुख्य खेळाडू, जाहिरातींच्या जास्त पैशांसाठी दुसऱ्या कॉलेजात गेला. मॅचआधी नितीनला, तिथेच राहिलेल्या माझ्या रूममेटला, फोन लावून भरपूर चिडचिड केली. "निष्ठा वगैरे काही असते की नाही रे?"

तो म्हणाला, "तूही जास्त पगारासाठी यूकेला गेलासच की. मी तेव्हा काही बोललो?"

मी हसण्यावारी नेलं. का नेलं? सहा वर्षं हे त्याच्या मनात होतं?

मॅच एकट्यानेच पाहिली. जिंकलो शेवटच्या मिनिटाला. एरवी लगेच त्याचा फोन येतो. आज अर्धा तास वाट पाहिली. त्याने केला नाही. मीही केला नाही.