घराबरोबर मिळणाऱ्या बाई

९ मार्च, रविवार

सगळ्यांत आधी टपकला तो दलाल. सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी! माझी वेणी अर्धवट, आणि हा दारात उभा. केस असे चोपडलेले की माशी बसली तर घसरून पडेल. मी त्याचं नाव गुळगुळ्या ठेवलं. चिऊ एवढी हसली की दूध नाकातून आलं. मग सूनबाई दोघींवर ओरडली. नातीबरोबर ओरडा खाण्यात काय मजा असते!

तर तळ्याकाठचं घर बघून आलो. सुट्टीत जाऊन राहायचं घर. आमच्यासारख्यांना सुट्टीचं घर, ऐकावं ते नवलच. खाली दोन खोल्या, वर दोन, मधे लाकडी जिना, आणि वरच्या खिडकीतून नुसतं पाणीच पाणी. मी मनातल्या मनात गाद्याही घालून टाकल्या. थोरल्याची चिऊ इथं, धाकट्याची दोघं तिथं. माझे दोन्ही मुलगे एका छपराखाली झोपलेले बघून किती वर्षं झाली. संध्याकाळी धाकट्याला फोन केला तर म्हणाला, तुम्ही घेताय तर दर सुट्टीला येतो. एवढ्यानंच पोट भरलं माझं.

किंमत ऐकून थोरल्याचा विश्वासच बसेना. एवढं स्वस्त कसं? तेव्हा गुळगुळ्या खाकरला. म्हणे खाली मागच्या खोलीत एक बाई राहतात. घर त्यांचंच. विकतील, पण हयात असेपर्यंत त्या त्याच खोलीत राहणार. घर घ्यायचं तर त्यांच्यासकट. दार जरासं उघडून दाखवलं. बाई पलंगावर, गळ्यापर्यंत पांघरूण, श्वास घरघरतोय.

"तब्येत तशी नाजूकच आहे," गुळगुळ्या हळूच म्हणाला.

सूनबाईनं वय विचारलं. ते माझ्याएवढंच निघालं.

गाडीत येताना माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मला आपलं वाटलं असेल.

१० मार्च, सोमवार

जेवताना तेच बोलणं. थोरला म्हणाला, चार-पाच वर्षं धरून चालू. सून म्हणाली, तेवढी कुठली, श्वास ऐकलास ना? — भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा आवाजात. मग चिऊची खोली कुठली यावर गेले. मागच्या खोलीत ऊन छान येतं म्हणे.

माझा घास अडकला. सून लगेच उठली, पाणी दिलं, पाठ चोळली. आई, सावकाश. गोड आहे हो पोर, खोटं कशाला सांगू. माझा गुडघा धरला की रोज तेल लावून देते. दुष्ट असती तर एवढी भीती वाटली नसती.

१२ मार्च, बुधवार

जिना चढताना आज धाप लागली. कुणी बघत नाही ना, हे आधी बघून घेतलं.

१६ मार्च, रविवार

पुन्हा तळ्यावर. थोरला आणि गुळगुळ्या वर खोल्या मोजत होते, सून चिऊला घेऊन पाण्याकडे. मला म्हणाले, तू बस सावलीत. मी कसली बसते! म्हटलं, बाईंची चौकशी करावी, एकट्या पडल्यात बिचाऱ्या. गेले, दार ढकललं —

बाई स्टुलावर उभ्या! हात कपाटाच्या वर, तोंडानं गाणं गुणगुणतायत, बिस्किटाचा डबा काढतायत. घरघर नाही, काही नाही. मला बघून थिजल्या. मीही थिजले. मग कशाला न धरता टुणकन उतरल्या आणि म्हणाल्या,

"दार लावून घ्या आधी."

आणि हसायलाच लागल्या. मलाही आवरेना. दोघी पलंगावर बसून बिस्किटं खाल्ली. मऊ पडली होती, पण गोड लागली. सगळं सांगितलं त्यांनी. आधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तेव्हा त्या अंगण झाडत होत्या. बघितलं आणि परत फिरकलीच नाहीत. मग गुळगुळ्यानं शिकवलं — गाडीचा आवाज आला की आडवं व्हायचं. जवळचं माणूस कुणी नाही. छप्पर गळतं. थंडीत आठवडा-आठवडा माणसाचा आवाज ऐकू येत नाही. पैशांसाठी नाही विकत, म्हणाल्या, वरून कुणाची तरी पावलं ऐकू यावीत म्हणून विकतेय.

मी विचारलं, तशा बऱ्या आहात ना?

"ठणठणीत आहे हो. तेवढं घरी सांगू नका."

जिन्यावर पावलं वाजली. बाई एका उडीत पांघरुणात! घरघर सुरू. आणि मी काय केलं असेन? पांघरूण नीट गळ्यापर्यंत ओढून दिलं. थोरला डोकावला, तर मी अशी उदास मान हलवली की बस.

परत येताना सगळे खुशीत. मी एकटी पदरावरचा बिस्किटाचा चुरा झटकत बसलेली.

१८ मार्च, मंगळवार

सांगावं का? सांगितलं तर घर गेलं, आणि त्या बाई पुन्हा एकट्या. नाही सांगितलं तर पोटच्या पोराला फसवलं. पण फसवलं म्हणजे काय? एक बाई जगणार आहे — ही काय फसवणूक झाली? पण उद्या घर घेतलं, आणि सुट्टीत गेल्यावर रोज सकाळी त्या अंगण झाडताना दिसल्या, की यांची तोंडं कशी होतील? त्या तोंडांची भीती वाटते. माझ्याच माणसांची तोंडं ती. रोज जेवताना समोर असतात.

थोरला येऊन शेजारी बसला. म्हणाला, आई, तू हो म्हणालीस तरच घेऊ. लहानपणी खाऊ मागायचा तसाच चेहरा.

म्हटलं, घे.

निदान मी तिथं असेन. बाईंना सोबत होईल. मलाही होईल.

२२ मार्च, शनिवार

पैसे कमी पडतायत. बँकेनं कर्जाला नाही म्हटलं. थोरला दोन दिवस आकडेमोड करतोय. आहे काय आमच्याकडे? हे राहतं घर तेवढं, तेही हे गेल्यावर माझ्या नावावर झालेलं. आज गुळगुळ्याशी फोनवर बराच वेळ बोलत होता, दार लावून. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाला, मार्ग निघतोय, आई. तू काळजी करू नकोस.

२६ मार्च, बुधवार

आज एक तरुण जोडपं आलं. मला वाटलं थोरल्याच्या ऑफिसातले. मी खूश! चहा टाकला, साखर संपली होती तर धावत खालच्या दुकानात जाऊन आणली. सून सारखी म्हणते, आई, बसा ना हो. चेहरा उतरलेला तिचा. त्या मुलीनं माझं वय विचारलं. सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की माझी आई नव्वदीपार गेली. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात गाडी लावून गुळगुळ्या आत आला.

मग मी बसले.

थोरला जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, तू आहेस तोवर आपण सगळे इथंच राहायचं. ह्यांच्याकडून तसं लिहूनच घेणार आहोत."

भिंती, नळ, खिडक्या — काही बघितलं नाही त्या दोघांनी. माझ्याकडेच बघत होते. रविवारी परत येतो म्हणालेत.