धारेच्या वेळचे व्याख्यान

मा. अम्बरीन मुकादम,
केंद्रप्रमुख, घाटवाणी रेडिओ, महाड यांस,

मॅडम,

आपले मिडियम वेव्ह केंद्र सुरू झाले तेव्हा त्यावर शेतीचा सल्ला आणि माझे व्याख्यान असे. मग फर्माईश आली. पोलादपूरच्या आया मुंबईतल्या मुलांसाठी गाणी मागू लागल्या. त्यानंतर फोनवरची कोडी आली. तरी संध्याकाळचे माझे व्याख्यान टिकले. गेल्या महिन्यात आपण तेही बंद करून दिवसभर गाणी लावलीत. समाजाची विचारशक्ती अशीच मारली जाते, मॅडम!

निषेधाच्या सह्या घ्यायला मी आंबेनळी घाटातल्या वस्तीपर्यंत चढलो. तिथे म्हैस पाळणाऱ्या एकट्या रखमाबाईंनी माझा आवाज ओळखला.

“मास्तर, तुमीच काय ते? तुमचं भाषण बंद झाल्यापासून आमची म्हस पान्हा सोडत नाय. गाणी लागली की लाथा झाडते.”

“आणि माझे विचार?”

“ते म्हशीला इचारा. मी धार काढत असते.”

मी संतापलो. तरी गोठ्यात उभा राहून अंधश्रद्धेवर कडाडून बोललो. म्हशीने डोळे मिटले आणि बादली भरली. आता रोज जातो. काल रखमाबाई धार थांबवून म्हणाल्या, “पण मास्तर, म्हशीसाठी बोललेला नवस फेडू का नको?” इतक्या वर्षांत श्रोत्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न!

म्हणून हा अर्ज टपालात टाकत नाही. आपण व्याख्यान पुन्हा सुरू केलेत, तर बाई रेडिओ लावतील. मग मला गोठ्यात कोण बोलावणार?

आपल्या भिकार गाण्यांचा ऋणी,
सहदेव कळंबे