तोंडात कबड्डी असताना

उमेळे,
१३ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
तेजस्वीचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे शाळेत शिकवलं होतं म्हणून लिहिलं. आता नेहमीसारखं तू. बाबा, आपण जिंकलो. काल उपांत्य सामन्यात शेवटची चढाई माझी होती आणि आपण अंतिम फेरीत आहोत. आत्यानं तुला सांगितलं असेलच, पण तिला कबड्डीतलं काय कळतंय, म्हणाली असेल पोरी पळाल्या नि जिंकल्या. फोनवर तू "जेवलीस का" एवढं विचारतोस आणि फोन तिच्या हातात देऊन मोकळा होतोस. पत्र तसं देता यायचं नाही, म्हणून लिहितेय.

आई बरी आहे. वाडीपलीकडच्या बिल्डिंगचा आणखी एक मजला चढलाय, त्यामुळे अंगणात ऊन उशिरा येतं. आत्याच्या पानमळ्यात तुझी पाठ धरते म्हणे. वाकताना गुडघ्यातून वाक, हे तू मला किती वेळा सांगायचास.

आता खरी बातमी. पावसाळ्यापासून आमच्याकडे सालोमी मॅडम येतात. इथल्याच आहेत, वसईच्या. खेळाडूचं मन कसं चालतं याचं शिक्षण घेतलंय त्यांनी. तू शिट्टी जितेंद्र सरांकडे दिलीस तेव्हापासून संघ तेच बघतात, त्यांनीच बोलावलं. आम्हाला वाटलं प्रवचन असेल. मॅडमनी सगळ्यांना चिकूखाली बसवलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, मनातल्या मनात एक अख्खी चढाई करा. आमची कॅप्टन ज्युली घोरायलाच लागली. उठवल्यावर म्हणते, "मॅडम, मी चौघींना बाद करून आले, मग थकून झोपले."

माझी चढाई मात्र पुरी होईना. मध्यरेषा ओलांडायची, कोपऱ्यातल्या पोरीला शिवायची, आणि परत फिरायच्या जागी सगळं थांबायचं. मोबाईलवर व्हिडिओ अडकतो ना, तसं. मैदानातही तेच. ऑपरेशनचा पाय भक्कम झालाय असं डॉक्टर आणि फिजिओ दोघांनी सांगितलं, तरी मी उजव्या पायावर कधी फिरतच नव्हते, नेहमी डाव्यावर. समोरच्या संघांना ते कळायला कितीसा वेळ लागणार? डाव्या बाजूला साखळी धरून माझी वाट बघत उभ्या राहायच्या. जितेंद्र सर मला राखीव खेळाडूंत बसवणार होते. तसं झालं असतं तर माझी कबड्डी सुटली असती, बाबा. मी मला ओळखते.

मॅडम म्हणाल्या, भीती जिथे अडवते नेमक्या तिथे म्हणायला एक छोटा शब्द निवड. मन भीतीवरून उचलून कामावर ठेवणारा. मी निवडला. कुठला ते सांगते, आधी गंमत ऐक. सरावाच्या सामन्यात मी त्या जागी पोचले आणि शब्द मोठ्यानं म्हणाले. झालं, दम तुटला. सरांनी मला तिथल्या तिथे बाद दिलं. मॅडम पूर्वी धावणाऱ्यांबरोबर काम करायच्या. धावणाऱ्याचं तोंड मोकळं असतं. आपल्या तोंडात कबड्डी कबड्डी चालू असतं, मध्ये दुसरा शब्द घुसला की खेळ खलास. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही ते ठीक, पण परकरात असल्यापासून खेळणाऱ्या मलाही येऊ नये? ज्युली अजून चिडवते.

मग ठरलं, शब्द मनात म्हणायचा. मी रोज खिडकीत दम धरून घोकायला लागले. आई म्हणायची, "कोनाशी बोलतेस गो? बोलतेस तर मोठ्यानं बोल, मला पन कळू दे." एवढं घोकूनही शब्द लागू पडेना. शेवटी मॅडमनी विचारलं, "हा शब्द तुला कुणाच्या आवाजात ऐकू येतो?" मी म्हटलं, माझ्याच. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग मी खरं सांगितलं.

बाबा, तो शब्द "वळ" आहे.

मनवेलपाड्याच्या मैदानात सराव चालू असताना तू बाहेरून ओरडलास, वळ, आणि मी वळले आणि गुडघा गेला. तू मला उचलून रिक्षात घातलंस. ऑपरेशन झालं, मी चालायला लागले आणि आत्याला मळ्यात माणसं मिळत नाहीत असं कारण काढून तू केळव्याला गेलास. मैदान सोडलंस आणि तो शब्दही सोडलास. आईनं केव्हाच ओळखलंय. रिक्षावाल्याला तू "डाव्या हाताला घ्या" म्हणतोस, पण वळ म्हणत नाहीस. तू उठून जाशील म्हणून आम्ही दोघी कधी बोललो नाही.

आता बोलते. तू ओरडला नसतास तरी मी वळणारच होते. चढाईला गेलेली पोर वळल्याशिवाय घरी कशी येणार? अंगणात खडूनं रेषा मारून तूच शिकवलंस ना? माझा पाय चुकीचा पडला. तुझ्या आवाजानं कुणाचा गुडघा तुटत नाही. त्या हाकेचा राग मला कधीच आला नाही. राग आला तो तू निघून गेल्याचा, आणि तो अजून आहे.

तर काल. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. कोपऱ्यातल्या उंच पोरीला मी शिवले. डाव्या बाजूला साखळी तयारच होती. त्या जागी पोचले आणि मनात तुझा आवाज लावला, तंबाखू सोडल्यावरही खरखरीत राहिलेला. वळ. आणि मी उजव्या पायावर वळले. पाय तिथे होता, बाबा. मी टेकले आणि तो तिथे होता. मध्यरेषेच्या अलीकडे येऊनही मी कबड्डी कबड्डी म्हणतच होते, ज्युलीनं तोंड दाबलं तेव्हा थांबले. आई रडत होती आणि शेजारणीला सांगत होती, "डोल्यात धूल गेली."

अंतिम सामना २६ तारखेला, आपल्याच मैदानात. समोर सातिवलीच्या पोरी आहेत, पकडीला भारी. मनातला आवाज काल चालला, पण पुन्हा चालेलच असं मला वाटत नाही. तो खरा ऐकायचाय. मला तो शब्द म्हणता येणार नाही, तोंडात कबड्डी असेल. सामन्यात चढाई चालू असताना संघातल्या कुणी सांगितला तर नियमानं समोरच्यांना गुण मिळेल. पण तू आता संघात कुठे आहेस? तू प्रेक्षक. प्रेक्षकानं काय ओरडावं यात पंच तोंड घालत नाहीत. शिट्टी सोडून एवढी एक सोय तू करून ठेवली आहेस.

आई तुझ्यासाठी खुर्ची ठेवणार म्हणते. मी सांगितलं, तो बसणार नाही. आपल्या बाजूला उभा राहा, रेषेपासून जरा लांब. म्हणजे मी वळले की समोर तू दिसशील.

दम धरून उभी असलेली,
तुझी तेजू