या आठवड्यात समोर स्वस्त

आदरणीय वन्सं,

नमस्कार. वाकून केला आहे, आणि एक हात कंबरेवर ठेवून वाकले आहे, तेव्हा नेहमीच्या नमस्कारापेक्षा याची किंमत थोडी जास्त धरा. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की जिना चढताना तो बोलतो. माझेही दोन्ही बोलतात, पण आपसात. मला काही सांगत नाहीत. तुमच्या यजमानांचा खोकला गेला का? नसेल गेला तर त्यांना कोमट पाणी प्यायला सांगा. गेला असेल तरी सांगा, नाहीतर सवय मोडते.

इकडे सगळं ठीक. भाऊजींनी दुकानाच्या विक्रीचा कागद तुमच्याकडे सहीसाठी धाडला आहे, हे मला ठाऊक आहे. दुकान मामंजींच्या नावावरून तुम्हा तिघा भावंडांच्या नावावर आलं, यांची जागा आता माझी, आणि तिघांच्या सह्या पडल्याशिवाय ते हलत नाही. भाऊजींनी स्वतःची केली. माझी मी 'चष्मा सापडला की करते' असं सांगून ठेवली आहे (चष्मा नाकावर होता, पण भाऊजी फोनवर होते). तुम्ही सही करावी की नाही, याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

भाऊजींचं म्हणणं, वहिनी, तुम्हाला धंद्यातलं काय कळतं? प्रश्न वाजवी आहे. मी आठवीपर्यंत शिकले. पण छापलेलं काही मी कधी सोडलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा आधी वाचते, मग पुडी सोडते. हे गेल्यावर दुकानात बसायला लागले तेव्हा गल्ल्याखाली धंद्याच्या मासिकांचा सहा वर्षांचा गठ्ठा मिळाला. तो वाचला. मग खोक्यांच्या आतली माहितीपत्रकं वाचली, बारा भाषांतली, त्यातल्या मला येणाऱ्या एकीतली. तर तुमच्या भावाचं अर्धं दुकान ज्यावर चालायचं ते ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी, विटेएवढी, दोन-तीन पंख्यांची वस्तू. पडद्यावरचं चित्र काढणं हे तिचं काम. चित्र काढताना ती इतकी तापते की पंख्यांवाचून तिचं भागत नाही (आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचंही तसंच होतं). ही कार्डं करणाऱ्या आमच्याकडे दोन कंपन्या चालतात. त्यांची नावं मला नीट उच्चारता येत नाहीत, म्हणून मी खोक्यांच्या रंगावरून त्यांना पिवळी आणि जांभळी म्हणते. दोघींचं आपसात जावाजावांसारखं आहे. तोंडावर काही नाही, पण एकीने पडदे बदलले की दुसरीचे जुने दिसायला लागतात.

यांना जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा दोघींची नवी कार्डं एकाच आठवड्यात आली. पंखे किती, वजन किती, वीज किती खाणार, सगळं जाहीर. फक्त किंमत नाही. पिवळी थांबली होती जांभळीची किंमत कळेपर्यंत आणि जांभळी थांबली होती पिवळीची कळेपर्यंत. दोन पाहुण्यांनी दारात 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' करत दोघांनीही बाहेरच राहावं, तसं. त्यात एका दुपारी पिवळीचे विक्रीवाले आणि जांभळीच्या विक्रीवाल्या बाई एकाच वेळी माझ्या दुकानात हजर. दोन स्टुलांवर दोघं. चहा दिला.

"किंमत काय ठेवताय?" मी विचारलं.

"आम्ही बाजाराचा कल बघतोय," पिवळीचे म्हणाले.

"आम्हीसुद्धा," बाई म्हणाल्या.

"बाजार म्हणजे कोण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

शेवटी पिवळीने सकाळी किंमत सांगितली आणि जेवायच्या आत जांभळीने तिच्यापेक्षा पन्नास कमी सांगितली. पिवळीने संध्याकाळी कार्डाबरोबर एक पाठीवरची पिशवी फुकट दिली. जांभळीने दुसऱ्या दिवशी पिशवी आणि छत्री. गंमत म्हणजे दोघींनी वर एकेक अवाढव्य महाग कार्डही ठेवलं होतं, जे कोणी घेणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळावं. मासिकात वाचल्यावर उलगडा झाला: ते विकायला नसतंच, त्याच्या शेजारी मधलं कार्ड स्वस्त दिसावं म्हणून असतं. मला सासूबाईंची आठवण झाली. सकाळी उठल्यावर त्या मला डोंगराएवढी कामं सांगायच्या, आणि मी डोळे फिरवायच्या बेतात आले की म्हणायच्या, बरं राहू दे, निम्मी कर. निम्मी मी आनंदाने करायचे. सतरा वर्षांनी मला कळलं की त्यांना निम्मीच करून हवी होती. (रागावू नका वन्सं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि तो मासिक वाचल्यापासून वाढला आहे.)

नवा माल आला की जुन्याची किंमत उतरवायची, असा नियम. दोन्हीकडून पत्रकं आली. सगळ्या बाजाराने उतरवली. मी नाही उतरवली. तुम्हाला खरं कारण सांगते. आपल्या काचेच्या कपाटात जुनी एक्केचाळीस खोकी होती, आणि प्रत्येकावर पांढरी चिठ्ठी, निळी शाई, तुमच्या भावाचं अक्षर. तो सात काढायचा कसा ते तुम्हाला आठवत असेल, खाली शेपूट वळवून, जणू सात बसायला जागा बघतोय. किंमत बदलायची म्हणजे ती चिठ्ठी काढायची, नाहीतर झाकायची. मला दोन्ही जमेना. रोज सकाळी कपाट पुसायचे आणि म्हणायचे, उद्या.

आता आपल्या समोरचं दुकान. त्यांना सगळे दुर्बीणवाले म्हणतात, कारण ते गल्ल्याजवळ दुर्बीण ठेवतात. विचारलं तर सांगतात, पक्षी बघायला. आपल्या रस्त्यावर दोन विजेचे खांब आणि एक कावळा आहे. ते आपली लेबलं वाचतात हे सगळ्यांना माहीत होतं. तुमचा भाऊ असताना आमच्यापेक्षा कधी पन्नासनी कमी, कधी पन्नासनी जास्त, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. मी घरी बसून त्या माणसाला इतकी नावं ठेवली आहेत की लिहायला वही लागेल. त्याच्या बायकोशी तेवीस वर्षं बोलले नाही, निव्वळ धंद्यावरच्या निष्ठेपोटी. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, जाऊ दे गं, त्यालाही पोट आहे. आणि दर सोमवारी दुपारी अर्धा तास दुकान बंद करून स्क्रू आणायला जायचे.

तर यंदा मी उतरवलं नाही आणि दुर्बीणवाल्यांनीही उतरवलं नाही. आमच्यापेक्षा पन्नास कमी, तिथेच बसून. मी म्हटलं, माज बघा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनं कार्ड महाग आणि बाकीच्या गावात स्वस्त, हे बघून लोकांना वाटायला लागलं की या दोघांना आतली काही खबर असणार, जुना माल तुटणार. पलीकडच्या चौकातल्या दोघांनी उतरवलेल्या किमती परत चढवल्या. विक्रीवाल्यांनी वर कळवलं. आणि एके दिवशी जांभळीचे मोठे साहेब स्वतः येऊन स्टुलावर बसले.

"किमतीबाबत तुमची भूमिका काय आहे?"

"भूमिका काही नाही. अक्षर यांचं आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी पुन्हा सांगितलं की हे वारले, चिठ्ठी काढवत नाही, बस. तेही लिहून घेतलं, खाली रेघ मारली, दोनदा वाकून नमस्कार केला आणि गेले. सात आठवड्यांनी जांभळीची नवी खोकी आली त्यावर किंमत हाताने लिहिल्यासारखी छापलेली. निळ्या रंगात. पुढच्या महिन्यात पिवळीचीही तशीच, अक्षर जरा तिरकं, पन्नास कमी. मी सगळी खोकी उलटीसुलटी करून पाहिली. सात कोणालाच जमला नव्हता.

मागच्या महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी दुर्बीणवाले रस्ता ओलांडून आले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. हातात कागदाची पुडी.

"वहिनी, स्क्रू आणलेत."

"आमच्याकडे अकरा डबे आहेत."

"असणारच," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. मग म्हणाले, "वहिनी, पाळी तुमची आहे."

"कसली?"

"स्वस्त व्हायची."

वन्सं, तुमच्या भावाने माझ्यापासून आयुष्यात एकच गोष्ट लपवली, ती अशी. दर सोमवारी हे दोघं दुर्बीणवाल्यांच्या दुकानामागच्या पायरीवर बसून ठरवत, की या आठवड्यात पन्नासनी स्वस्त कोणी व्हायचं. एक आठवडा ते, एक आठवडा हे. सुरुवातीला म्हणे दोघं एकमेकांचे भाव कापत सुटले होते, आणि तसंच चाललं असतं तर वर्षाच्या आत दोन्ही दुकानांना कुलूप लागलं असतं. मग पायरी सुरू झाली. गिऱ्हाईक दोन्हीकडे फिरून स्वस्तात घेतल्याच्या समाधानाने घरी जायचं. आणि मी घरी शिव्या घालत होते.

"ते गेले त्या आठवड्यात पाळी त्यांची होती," दुर्बीणवाले म्हणाले. "माणूस गेला म्हणून त्याची पाळी आपण घ्यायची, बरं वाटेना. म्हटलं, वहिनी उतरवतील, मग पुढच्या आठवड्यात मी. तुम्ही उतरवेचनात."

"मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत नाही हे मला काय माहीत? मला वाटलं, काहीतरी मोठा डाव आहे. रोज दुर्बीण लावून बघायचो."

"पक्षी?"

"सात," ते म्हणाले. मग पुडी माझ्याकडे सरकवत, "पाळी वगैरे सोडा. आहे ना अजून, एवढंच बघायचो."

आम्ही दोघांनी अकरा डब्यांकडे बघितलं. मग मी सरळ विचारलं, दुकान विकत घ्यायला तुम्हीच निघालात ना? ते दचकले. "मला कुठे घ्यायचंय? तुमचे भाऊजी म्हणाले, वहिनींनाच विकायचंय. म्हटलं, दुसरा कोणी येऊन बसण्यापेक्षा आपण घ्यावं. पण घेऊन करू काय? समोर कोणी नसेल तर मी स्वस्त कोणापेक्षा होऊ?"

हे ऐकल्यावर मला त्यांचा रागच येईना. एवढी जुनी सवय, तीही गेली. पण मी त्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या पाठीमागे पायरीवर बसून भाव ठरवणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तुमच्या मित्राला जमलं असेल. त्यांच्याशी मी भेटेन तेव्हा भांडेन. मला जे करायचं ते सांगून करायचं. "सांगून म्हणजे?" म्हणाले. मी पुठ्ठा घेतला, लिहिलं आणि दारात लावला: 'या आठवड्यात समोर स्वस्त आहे.' त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

आठवडाभर काय झालं असेल सांगा. लोक पाटी वाचत, समोर जात, किंमत खरंच कमी आहे बघत, आणि परत येऊन माझ्याकडून घेत. म्हणत, खरं बोलणारं दुकान आहे, पन्नासचं काय एवढं. दुर्बीणवाले चिडले. पुढच्या सोमवारी त्यांनीही पाटी लावली, 'या आठवड्यात समोर स्वस्त', आणि मला खरंच उतरवावं लागलं. चिठ्ठ्या काढल्या नाहीत. नवी किंमत छोट्या कागदावर लिहून वर टाचणीने लावली. कागद उचलला की खाली यांची तशीच. एवढी साधी गोष्ट सुचायला मला अकरा महिने लागले. आता पिवळी आणि जांभळी दोघींची माणसं येऊन पाटीचे फोटो काढून गेली आहेत. त्यांनीही एकमेकींची पाटी लावली तर कळवीन.

कार्डं भराभर गेली. दर खोक्याबरोबर एक चिठ्ठी जाते. माणसं ती घरी जाऊन फाडून टाकत असतील, आणि त्यांनी का टाकू नये? एक्केचाळीसातली आता नऊ उरली आहेत. दुकान म्हटलं की माल जायचाच, हे तुमचा भाऊच मला सांगायचा.

बाकी क्षेम. तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा, गुडघ्याला तेल लावत जा, आणि इथली काळजी करू नका. करायचीच असली तर निम्मी करा.

तुमची,
भावजय

ता. क. सहीबद्दल पत्रात एक अक्षर लिहिणार नाही म्हटलं होतं, तो शब्द मी पाळला आहे. पत्र वर संपलं. आता सांगते: सही करू नका.

ता. क. दुसरा. घेणाऱ्यालाच घ्यायचं नाही, हे भाऊजींना कोणीतरी सांगायला हवं. दुर्बीणवाले म्हणतात, वहिनी, आधी तुम्ही सांगा. मी म्हणते, छे, आधी तुम्ही. असे तीन सोमवार गेले. म्हणून वन्सं, आधी तुम्ही.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे यासाठीच लिहायला बसले. हे पत्र ज्या पाकिटातून आलं ते टाकलं नाहीत ना? यांची सवय तुम्हाला माहीत आहे, वर्षाची पाकिटं एकदम आणून सगळ्यांवर तुमचा पत्ता घालून ठेवायचे, म्हणजे आळस आडवा येत नाही. हे त्यातलं शेवटचं. पत्ता तुमच्या जुन्या घराचा आहे. मी खोडला नाही, नवा वेगळ्या कागदावर लिहून वर टाचणीने लावला आहे. घराच्या आकड्यात दोन सात आहेत. सहीशिवायचा तो कागद त्याच पाकिटात घालून, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून, परत पाठवा. कागद विसरलात तरी चालेल.